कोकुतेताची कोयती

९ सप्टेंबर

पोचले एकदाची. मालमोटारीच्या मागच्या बाजूला मी, माझी पेटी, गादी आणि आईनं दिलेली कोंबडी. कोंबडीनं वाटभर माझ्या मांडीवर घाण केली. चौतिसाव्या वर्षी नवरी होऊन निघालेल्या बाईला कोणी हसलं तर मनावर घ्यायचं नाही, असं ठरवून आले होते. पण उतरल्यावर माझा अवतार बघून पहिली हसले ती मीच.

काझौरा दाराशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. माझा नवरा उंच आहे, बोलतो कमी, हसतो बरं. त्याची पहिली बायको जाऊन तीन वर्षं झाली, मूलबाळ नाही, असं लग्न ठरवताना सांगितलं होतं. सासूबाईंचं नाव लिओनिदा. पाठीत वाकल्यात, पण जीभ ताठ आहे. त्यांनी उकडून वाळवलेल्या कॉफीच्या बिया चघळायला दिल्या आणि मला खालून वर न्याहाळून म्हणाल्या, हाडं बरी आहेत, बाकीचं खाऊन भरेल.

घर केळीच्या बनात पार बुडालेलं. खिडकीतून हात काढला की पान लागतं. मला रडूच आलं. आमच्याकडेही असंच होतं. दोन वर्षांपूर्वी सीमेपलीकडून तो पिवळ्या चिकाचा रोग आला, इकडे कधी कोणी न पाहिलेला. ज्यांना दिसला ते लाजेनं गप्प बसले, सरकारात वेळेवर कोणी कळवलं नाही. चार महिन्यांत बाबांच्या दारातून थेट चर्चचा मनोरा दिसायला लागला. तो मनोरा मी जन्मात कधी घरातून पाहिला नव्हता.

ज्या घरी बन नाही तिथं लेकीला परतायला जागा नाही. आमच्यात घर पुरुषाचं, बन बाईचं. हे बन माझं झालं की मी टिकले. ही वही त्यासाठीच सुरू करतेय. चांगल्या गोष्टी लिहून ठेवाव्यात.

१२ सप्टेंबर

बन पाहून झालं. केळीचे नव्वदावर खुंट असतील. एकही वाकडा नाही, प्रत्येकाभोवती वाळलेल्या पानांचं आच्छादन, बुडाशी फुटणारे मुनवे मोजके ठेवलेले. इतकं नीट बन मी आयुष्यात पाहिलं नाही. कोणी केलं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, कोकुतेतानं, दुसरं कोण करणार.

कोकुतेता म्हणजे ती. पहिली.

ती बनातच आहे. म्हणजे आम्ही सगळेच आपली माणसं बनात पुरतो, त्यात नवल नाही. पण हिच्या थडग्याभोवती आठ खुंटांचं कडं आहे, आणि बनातले केळ्यांचे सगळ्यात मोठे लोंगर तिथलेच. त्यातल्या एका खुंटात तिची कोयती रोवून ठेवलेली आहे. मुठीला तिच्या पिवळ्या कांग्याची, अंगाला गुंडाळायच्या कापडाची, चिंधी बांधलेली. तो खुंट कापायला आला की सासूबाई कोयती काढून शेजारच्या खुंटात रोवतात. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मला काझौरानं नवी कोयती आणून दिली. धार चांगली आहे, पण मूठ परकी वाटते.

दिवस मावळायच्या आधी तो केळीच्या दारूचा भोपळा घेऊन तिकडे गेला. पहिली धार तिला, मग तो प्यायला. मी चुलीपाशी बसून पाहत होते. रीत आहे.

२१ सप्टेंबर

आज माझा दिवस होता. शेतीखात्याचे देउसदेदित आले होते, गाव त्यांना ब्वाना शांबा, म्हणजे शेतीसाहेब, म्हणतं. शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बसवून त्यांनी विचारलं की पिवळ्या चिकाचा रोग कोणी डोळ्यांनी पाहिलाय का. हात फक्त माझा वर. मग मीच उभी राहून सांगितलं: पान मेणासारखं होऊन मान टाकतं, केळफूल सुकतं, केळं कच्चं असतानाच पिकतं आणि आतून तांबूस निघतं. शंका आली तर पेलाभर पाण्यात खुंटाचा ताजा तुकडा धरायचा. त्यातून पिवळे धागे खाली सुटले की समजायचं.

ब्वाना शांबा खूश झाले. गावाची राखणदार म्हणून मलाच नेमलं. फोन दिला. संशय आला की फोटो काढायचा, जिल्ह्याच्या नंबरवर पाठवायचा, तिथून कळवतील. लाजायचं नाही, लपवायचं नाही, मग ते स्वतःचं घर का असेना.

घरी येऊन काझौराला आणि सासूबाईंना नियम पाठ करून घेतले. दुसऱ्याच्या बनात कोयती वापरली की आधी आगीत धरायची, पातं लाल होईपर्यंत, दोन्ही बाजूंनी. आजारी खुंट मुळासकट काढायचा. खड्डा करून पुरायचा. काझौरानं चुलीत कोयती धरून दाखवली. इतकी नीट धरली की मी सांगितलं, तुम्हालाच राखणदार करायला हवं होतं. तो चक्क हसला. मग पाणी शिंपडून कोयती थंड करताना म्हणाला की कोकुतेताला असं काही शिकवावं लागायचं नाही, तिला आपोआप कळायचं.

४ ऑक्टोबर

मी चुलीच्या खोलीच्या दाराशी माझे स्वतःचे पाच मुनवे लावले. ओळीत, शेणखत घालून. शेजारणी बघायला आल्या आणि म्हणाल्या, बरे आहेत, पण कोकुतेताच्या हाताला गुण होता. फोन दाखवला तर म्हणतात, ती असती तर तिलाच दिला असता, किती हुशार होती. मेल्या म्हशीला मणभर दूध. ती तीन दिवसांच्या तापानं गेली, फोन कसला हे बघायलाही राहिली नाही, तरी फोनसुद्धा तिचाच.

जेवताना काझौरा केळ्यांचा गोळा बोटांनी दाबून म्हणाला की ती पानात घट्ट बांधायची, वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही. मीही पानातच बांधलं होतं. त्याच्याच बनातल्या पानात. तेही म्हणजे तिच्याच.

खरं लिहिते, वही माझी आहे. माझं पोट जळतं. जिवंत सवत असती तर भांडले असते, तिच्या झिंज्या ओढल्या असत्या, चार घरांत तिची चुगली केली असती. हिचं काय करू? ही भांडत नाही, म्हातारी होत नाही, हिचं कधी मीठ जास्त होत नाही.

१३ ऑक्टोबर

डोंगरापलीकडच्या गावातून निरोप आला होता, खुंट सुकतायत, येऊन बघ. पहाटे निघाले. निघताना बनातून गेले आणि तिची कोयती खुंटातून उपसून माझ्या टोपलीत टाकली. का घेतली? माझी नवी कोयती घाण करायची नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

तिथं रोगच होता. मी तिच्या कोयतीनं सहा खुंट कापून दाखवले. पातं पिवळ्या चिकानं माखलं. फोटो पाठवला, तासाभरात उत्तर आलं: खात्री झाली. मुळासकट काढा. पुरा. हत्यार भाजा.

त्यांची हत्यारं मी उभी राहून भाजून घेतली. तिची कोयती पानात गुंडाळून तशीच टोपलीत ठेवली.

घरी आले तेव्हा सासूबाई चर्चमध्ये, तो कॉफी विकायला गेलेला. ऊन लख्ख होतं. मी थडग्याशी गेले आणि कड्यातल्या आठही खुंटांचा एकेक मुनवा छाटला. आठ घाव, आठही ओले. शेवटच्या घावाला कोयती सटकली, डाव्या तर्जनीला नखाएवढं लागलं. बोट चोखलं आणि कोयती होती तिथं रोवून टाकली.

तिच्याच कोयतीनं तिची केळी. आज छान झोप लागेल.

६ नोव्हेंबर

थडग्याजवळच्या तीन खुंटांनी माना टाकल्या. मीच पहिली बोंब मारली. राखणदार आहे ना मी.

काझौरा म्हणाला, ऊन लागलं असेल, थोडं थांबू. मी पेला आणला, पाणी भरलं, तुकडा बुडवला. पिवळे धागे सरळ खाली उतरले. त्यानं पेला उचलून उजेडात धरला. मग त्यानंच विचारलं की फोटो पाठवलास का. मी केव्हाच पाठवला होता.

८ नोव्हेंबर

ब्वाना शांबा चार माणसं घेऊन आले. तिन्ही आजारी आणि बाकीचे पाच संशयाचे, आठही काढले. खड्डा थडग्याला लागूनच खणला. सगळं पडत असताना पाठ वळवून मी तिची कोयती उपसली आणि खड्ड्यात टाकली. तिच्यावर खुंट पडले, खुंटांवर माती पडली. माती दाबायला मीही नाचले.

सासूबाई कोयती कुठंय, कोयती कुठंय करत फिरत होत्या. मी म्हटलं, गडबडीत गेली असेल हो आत. त्या मटकन बसल्या.

ब्वाना शांबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की अशी बाई प्रत्येक गावात हवी, स्वतःच्या घरचा रोगसुद्धा तिनं लपवला नाही. काझौरा रडला. माझ्यासमोर, खांदे हलवून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही.

चुलीच्या खोलीच्या दारातून आता थडगं उघडं दिसतं. सिमेंटचा एक ओबडधोबड चौकोन, बस. एवढीशी होती ती.

१५ नोव्हेंबर

सेनेने, म्हणजे हंगामाचे नाकतोडे, उतरले. पहाटे गवत त्या हिरव्या नाकतोड्यांनी नुसतं लगडलेलं. मी दोन पिशव्या भरल्या, पंख काढले, परतले, पहिलं ताट काझौरासमोर ठेवलं. नाकतोडे आणणाऱ्या बायकोला नवरा कापड घेतो, ही आमची जुनी रीत. त्यानं मला नवा कांगा दिला, निळा. खाताना नुसतं चांगलं झालंय म्हणाला. तिचं नाव काढलं नाही. मी दारामागं जाऊन एकटीच हसले.

दारूची पहिली धारही आज त्यानं दारातच सांडली. तिकडे गेला नाही.

बोटाची जखम अजून ओली आहे. महिना झाला. केळीचा चीक लागून चिघळली असेल.

२० नोव्हेंबर

सकाळी राख टाकायला गेले. माझ्या पाच रोपांतल्या पहिल्यात कोयती रोवलेली. मुठीला पिवळी चिंधी.

मी पुरली होती. माझ्या पायांनी माती दाबली होती. खड्ड्याकडे धावले. माती जशीच्या तशी, वर पावसानं आलेलं कोवळं गवत.

सासूबाईंनी पाहिली आणि दोन्ही हात जोडले. म्हणाल्या, आली. मी ओरडले की तुम्हीच उकरून काढली असेल. त्या म्हणाल्या, मला स्वतःची चप्पल वाकून उचलता येत नाही गं, मी पुरुषभर खड्डा उकरेन होय? तेही खरंच.

पात्याला चीक होता. ओला.

२४ नोव्हेंबर

पहिल्या रोपानं मान टाकली. आज कोयती दुसऱ्यात.

मी फडक्यानं धरून उपसली, दूर ओढ्यात फेकून आले. येताना मागं बघितलं नाही. बघायला हवं होतं का?

कळवलं नाही. अजून फोटो काढलेला नाही. माझ्याच रोपांचा पाठवला तर गाव म्हणेल, हिचा हातच वाईट.

२७ नोव्हेंबर

तिसऱ्यात.

काझौरानं विचारलं की रोपांना काय झालं. मी म्हटलं, ऊन लागलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. हेच तो बोलला होता आणि मी त्याला पेला आणून दाखवला होता.

बोट मधल्या पेरापर्यंत फुगलंय. दुखत नाही, हेच वाईट. दाबलं की पिवळं येतं. पू नाही हा. पुवाचा वास मला माहीत आहे. हा वास गोड आहे.

३० नोव्हेंबर

चौथ्यात.

सासूबाई म्हणाल्या, तुझी कातडी कडेनं पिवळी पडतेय. कानांच्या पाळ्या, नखांभोवती. मी म्हटलं, कावीळ असेल. त्यांनी माझा हात हुंगला आणि उठून गेल्या.

दवाखान्यात जायचं म्हणते, पण मान धरवत नाही. सकाळी उठताना डोकं पुढं पडतं. हातानं उचलून धरावं लागतं.

दुपारी खिडकीतून पाहिलं. तो थडग्याशी बसून बोलत होता. खूप वेळ. माझ्याशी इतकं कधी बोलला नाही. मान पडलेली असतानाही माझं पोट जळलं. काय सांगत असेल तिला?

२ डिसेंबर

वही हलवलेली आहे.

मी ती गादीखाली उजव्या अंगाला ठेवते. आज डावीकडे होती. एका पानाचा कोपरा दुमडलेला. तेरा ऑक्टोबर.

तो वाचतो हळू, बोट अक्षरांखाली धरून. पण वाचतो.

जेवण वाढलं त्यानंच. केळी पानात बांधून, घट्ट —

खाल्लं नाही. केळं मोडून पाहिलं, आतून तांबूस.

३ डिसेंबर

तो पेला घेऊन आला. पाणी भरलेला, स्वच्छ. माझ्या शेजारी बसला आणि माझा डावा हात हातात घेतला. लग्नाला तीन महिने होत आले, इतका वेळ त्यानं माझा हात कधी धरला नव्हता. मी तो ओढून घेतला नाही. मला बरं वाटत होतं, देवाशपथ.

बोट पाण्यात बुडवलं.

धागे. पिवळे, सरळ खाली, एकामागून एक. तळाशी बसेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

मी सांगितलं सगळं. चूक झाली म्हटलं. तुमच्यासाठी केलं म्हटलं. तो म्हणाला, माहीत आहे, वाचलं. मग म्हणाला, लाजायचं नाही, लपवायचं नाही, तूच शिकवलंस ना.

फोन घेऊन बाहेर गेला. फोटो काढल्याचा आवाज आला तेव्हा पेला खिडकीत होता, मी त्याच्या मागं. माझं बोटही फोटोत आलं असेल.

४ डिसेंबर, सकाळ

फोन उंबऱ्यावर होता. सरपटत गेले, बघितला. जिल्ह्याचं उत्तर. नेहमीचंच.

खात्री झाली. मुळासकट काढा. पुरा. हत्यार भाजा.

त्यांना वाटलं असेल खुंट — त्यांना काय माहीत — मी उत्तर लिहायला गेले, बोट अक्षरावर टेकलं की चीक पसरतो, काच काही घेत नाही —

दुपार

चुलीच्या खोलीच्या भिंतीला टेकवून बसवलंय मला. पाय खालून मऊ झालेत. ऊन चांगलं पडलंय. पाचव्या रोपात कोयती नाही. पाचवं रोप ताजं आहे, टवटवीत.

सासूबाई म्हणाल्या, घाबरू नकोस, तिलाही घाबरली नव्हतीस. माझे केस विंचरले. आईसारखे.

खणल्याचा आवाज येतोय. तिकडूनच. तिथली माती आधीच भुसभुशीत आहे ना. मी हाक मारली, कुठंही खणा, ओढ्याशी, रस्त्याला, पण तिच्या शेजारी नको. एवढंच. तिच्या शेजारी मी राहणार ना—ही. तिथं रोज दारूची पहिली धार तिलाच आणि मी बाजूला बघत —

खणणं थांबलं.

तो आलाय. चुलीपुढं बसलाय. आगीत धरलीय. नीट धरलीय, मी शिकवलं तशीच, आधी एक बाजू, मग दुसरी. पातं लाल होतंय. माझी नवी की — मूठ त्याच्या हातात आहे, दिसत नाही — बोटांतून चिंधी बाहेर — पिव